डबा मंडळाची कंडक्टर

जांबोटीहून सकाळी सुटणाऱ्या बेळगाव गाडीत काय वाटेल ते घेऊन चढा. फणस आणा, पिशवीत कोंबडी आणा, तांदळाचं पोतं आणा. फक्त मंगल कंडक्टरशी वाद घालायची हौस तेवढी फाट्यावर ठेवून या. बाई चणीनं लहान, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा माणूस न सांगता उठून बसतो. "मुंद होग्री, पुढं सरका, पुढं काय वाघ बसलाय व्हय?" हे कन्नड आणि मराठीत एका दमात म्हणायची तिची पद्धत. भांडणही दोन्ही भाषांत करते आणि दोन्हीत जिंकते.

गणपती उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मात्र गाडीतल्या लोकांना वेगळीच मंगल दिसली. ती चक्क हसत होती. एका म्हातारीकडं बायकांच्या फुकट प्रवासाला लागणारं आधार कार्ड नव्हतं, तिच्यावर ओरडायचं सोडून मंगलनं तिला खिडकीची जागा करून दिली. ड्रायव्हर रवळूनं आरशातून हे पाहिलं आणि त्याला राहवेना.

"आक्का, आज तब्येत बरी न्हाय काय?"

"गाडी चालीव तू," मंगल म्हणाली. मग तिलाच राहवेना. "माझं नाव लागलंय रं. मंडळाच्या भिंतीवर. दगडात कोरून!"

हे ती रवळूला सांगत होती, पण आवाज तिचा, त्यामुळे ते अख्ख्या गाडीला कळलं. म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून ती उगाच तिकिटाच्या मशीनशी खटपट करत बसली.

आता हे मंडळ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण बेळगावात मंडळांना तोटा नाही. हे गणपतीचं मंडळ नव्हे, तालमीचंही नव्हे. हे डबा मंडळ. खेड्यांतून कॉलेजला आलेल्या पोरांनी बेळगावच्याच शहापूर भागातल्या गल्लीत एका विणकराच्या वरच्या खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, नव्वदच्या दशकात. खाली दिवसभर मागांची खटखट, वर पुस्तकं. खानावळ परवडत नव्हती, म्हणून प्रत्येकाचा डबा गावाकडून सकाळच्या गाडीनं यायचा. आई पहाटे उठून भाकरी थापायची, कापडी पिशवीत डबा बांधून कंडक्टरच्या हवाली करायची, आणि पोरगं बेळगावच्या स्टँडवर तो उतरवून घ्यायचं. घाटाकडचा पाऊस लागला की जांबोटीची गाडी येत नसे, आणि त्या बाजूची पोरं उपाशी कॉलेजला जात. निपाणीची गाडी येई, पण तिचंही काही खरं नसे.

त्यात बुद्धप्रिय कांबळे होता, निपाणीजवळच्या खेड्यातला. त्याचे आजोबा आण्णाप्पा जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. पहिल्या दिवशी तो डबा घेऊन कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला. सूरज त्याच भागातला, खादाड म्हणून प्रसिद्ध. तो उठला आणि थेट जाऊन बुद्धप्रियच्या डब्यात हात घातला. "बुध्या, तुझ्या आईचा खर्डा हितवर वास मारायलाय, आणि तू एकटा खातोस व्हय?" त्या दिवशी नियम ठरला. सगळे डबे मधोमध उघडायचे आणि आपला डबा आपण खायचा नाही. ज्याची गाडी आली नाही, तोही जेवणार. या नियमाचं मोल सगळ्यांत जास्त कुणाला कळलं असेल तर बुद्धप्रियला, आणि तो ते अजूनही चार लोकांत सांगतो. आज तो जिल्हा न्यायाधीश आहे.

मंगल या मंडळात कशी शिरली, ही गोष्ट मंडळात दरवर्षी निघते आणि दरवर्षी थोडी वाढते. खरी हकिगत एवढीच. जांबोटीच्या भरमू गावड्यांची ही पोरगी बी.ए.ला आली, आणि शहापुरात आईच्या चुलतबहिणीकडं तिची झोपण्यापुरती सोय झाली. जेवण आपलं आपण, म्हणजे डबा गाडीनं. रोज स्टँडवर या पोरांची तोंडं दिसायची. एका सकाळी आदल्या दिवशी कुठलीशी स्पर्धा जिंकल्याच्या आनंदात रात्रभर जागून पोरं उठलीच नाहीत. मंगलनं सगळ्यांचे डबे उतरवून घेतले, दोन्ही खांद्यांना अडकवले, स्टँडपासून शहापूरपर्यंत चालत आणले, आणि वरच्या खोलीचं दार पायानं ढकलून आत येऊन बसली.

"मी बी मंडळात," ती म्हणाली.

युवराज तिच्याच बाजूच्या खेड्यातला, मंडळाचा स्वयंघोषित अध्यक्ष. तो म्हणाला, "मंडळात पोरगी न्हाय चालत."

"मग डबे घेऊन जाते परत," मंगल म्हणाली आणि उठली.

बुद्धप्रिय तेव्हापासूनच वकिली डोक्याचा. तो म्हणाला, नियम आपला डबा न खाण्याचा आहे, पोरापोरीचा त्यात काही उल्लेख नाही. सूरजचा तर डब्यांसाठी जीव खालीवर होत होता, त्यानं लगेच दुजोरा दिला. युवराज हरला आणि वर तिलाच वाढायला बसला. त्या दिवसापासून तो आणि मंगल भांडत आले आहेत, आणि एकमेकांवाचून दोघांचंही चाललेलं नाही.

ही पोरं पुढं मोठी झाली. युवराज हाडांचा डॉक्टर झाला, बेळगावात त्याचं मोठं हॉस्पिटल आहे. बुद्धप्रियचं सांगून झालं. स्वरूप सैन्यात गेला. सूरजनं निपाणीत धंदा टाकला. कुणी प्राध्यापक झालं, कुणी बँकेत चढत गेलं. खेड्यात एखाद्या घरातलं पोर शिकलं की गल्लीभर पेढे वाटतात, इथं तर एका खोलीतून अशी माणसं निघाली. त्यांनी मिळून शहापुरातच मंडळाची इमारत बांधली. खाली हॉल, वर खेड्यांतल्या मुलामुलींसाठी खोल्या. डबे अजूनही गाड्यांनी येतात, आणि आपला डबा अजूनही कुणी खात नाही.

मंगलचं मात्र गणित जुळत नव्हतं. बी.ए. ती पहिल्या वर्गात पास झाली. सगळ्यांनी धरून चाललं होतं की ही कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसणार. तिनं परीक्षा दिल्या. बोलायला कन्नड तिला पाण्यासारखं यायचं, पण शाळा मराठी, त्यामुळे लिहायला बसली की हात अडखळायचा. कन्नडच्या पेपरात ती दोनदा राहिली. तिसऱ्या खेपेला बसायचं बळ उरलं नव्हतं. त्याच सुमाराला परिवहन महामंडळाची कंडक्टरची भरती निघाली, आणि दहावीच्या मार्कांवर तिचं काम झालं.

खरं सांगायचं तर तेव्हा तिला लाज वाटली होती. ज्या स्टँडवर ती पुस्तकं छातीशी धरून उभी राहायची, तिथंच खाकी घालून "खानापूर, खानापूर" ओरडताना ती मान खाली घालायची. मंडळातलं कुणी गाडीत चढलं तर ती तोंड फिरवून मागच्या दाराशी जायची. गणपती उठल्यानंतरच्या रविवारी मंडळ दरवर्षी एकत्र जेवतं, त्या जेवणाला ती दोन वर्षं गेली नाही. युवराजनं निरोपावर निरोप धाडले, ती ड्यूटीचं कारण सांगत राहिली.

तिची ती लाज गेली ती एका पडलेल्या झाडामुळे. भर श्रावणातला पाऊस होता. जांबोटीकडून येताना वळणावर भलंमोठं झाड आडवं पडलेलं. पलीकडं बेळगावहून आलेली गाडी अडकलेली, अलीकडं ही. गाडीत विद्यार्थ्यांचे डबे होते आणि त्या दिवशी पोरांची परीक्षा. ड्रायव्हर म्हणाला, झाड काढेपर्यंत बसा. मंगल खाली उतरली, अंदाज घेतला, आणि परत चढून म्हणाली, "ज्यांचे हात रिकामे हायत त्यांनी एकेक डबा उचला. झाडाखालनं पलीकडं जायचं हाय." आणि अख्खी गाडी उठली. बाजाराला निघालेल्या बायका, शेतकरी, एक नवरानवरी, सगळे भिजत, चिखलातनं, फांद्यांखालनं वाकत डबे घेऊन पलीकडं गेले. पलीकडच्या ड्रायव्हरला मंगलनं गाडी वळवायला लावली. परीक्षेआधी पोरं जेवली.

त्या रात्री ती आई नागुबाईला म्हणाली, "आई, मी म्हटलं आणि सगळी गाडी उठली गं." नागुबाई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "मग? तू कंडक्टर हायस न्हवं?" एवढंच. पण त्या वर्षी मंगल जेवणाला गेली, आणि खाकीतच गेली. तेव्हापासून दरवर्षी त्या रविवारी ती मुद्दाम सकाळची ड्यूटी मागून घेते, म्हणजे मंडळाच्या मोठ्या जेवणाचे जांबोटी बाजूचे डबे तिच्याच गाडीनं येतात. दुपारच्या फेऱ्या दुसरं कुणी सांभाळतं आणि संध्याकाळची परतीची गाडी पुन्हा तिची. बेळगावला लागून कंग्राळीत तिचा संसार, नवरा फाउंड्रीत; गाडी जांबोटीला मुक्कामी असली की रात्री ती आईकडं राहते. रविवारी घरी का राहत नाहीस, असं तो पूर्वी विचारायचा. "मारुतीराव, वर्षातला एक रविवार माझा," असं ती त्याला ठणकावून सांगते. आता तोच आदल्या दिवशी खाकीला इस्त्री करून देतो.

तर भिंतीचं असं. या वर्षी हॉलमध्ये काळ्या ग्रॅनाइटची मोठी पाटी बसवायची ठरली. मंडळाचं नाव ज्यांनी मोठं केलं त्यांची नावं आणि खाली पद, मराठीत आणि कन्नडात, सोनेरी अक्षरात. कुणाची नावं घ्यायची ते युवराजवर सोपवलं. मंगलनं तोंडानं काही म्हटलं नव्हतं, पण त्या पाटीवर आपलं नाव असावं असं तिला मनापासून वाटत होतं. एवढी वर्षं मंडळाचे डबे वाहिले, भांडले, रडले, मग माझं नाव का नको? आदल्या संध्याकाळी युवराजचा फोन आला. "मंगल, तुझं नाव लागलंय बघ. उद्या ये लवकर." ती रात्रभर नीट झोपली नाही.

गाडी स्टँडवर लागली. रवळू आणि मंगलनं मिळून डबे रिक्षात घातले. डबे जास्त होते, म्हणून उरलेले घेऊन रवळू मागून येणार होता. मंगल हॉलवर पोहोचली तेव्हा पाहुणे अजून कुणी आले नव्हते. पाटी बसवणारा शामू शिडीवर उभा राहून ओल्या फडक्यानं दगड पुसत होता आणि खाली युवराज हात मागं बांधून उभा होता. पडदा अजून टाकायचा होता.

मंगलनं पिशव्या खाली ठेवल्या आणि वर पाहिलं. वरून तिसऱ्या ओळीत नाव होतं. मंगल भरमू गावडे. बापाच्या नावासकट. भरमू गावड्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांचं नाव गावच्या उताऱ्याखेरीज कुठं लिहिलेलं तिनं पाहिलं नव्हतं. ती बघतच राहिली. मग तिची नजर खाली गेली. तिथं लिहिलं होतं, परिवहन अधिकारी.

"कसं दिसतंय?" युवराजचा चेहरा नुसता उजळला होता.

"नाव माझं हाय," मंगल म्हणाली. "खालचं कुणाचं?"

"तुझंच की."

"मी कवा झाले अधिकारी?"

"अगं, परिवहन खात्यात हायस न्हवं? मग झालं की." युवराज जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, वर जज्ज हाय, खाली डॉक्टर हाय, प्राध्यापक हायत. त्यांच्या मधी कंडक्टर लिवलं की बघणाऱ्याला काय वाटंल? तुला कुणी कमी लेखू नये म्हणून केलं गं मी."

"मला कोण कमी लेखतंय ते आत्ता कळलं," मंगल म्हणाली.

युवराजचा चेहरा पडला. त्याच्या मनात खोट नव्हती, हे इथं सांगितलंच पाहिजे. शामूच्या कारखान्यात स्वतः उभा राहून त्यानं अक्षरं पसंत केली होती, आणि मंगलचं नाव वर घ्या म्हणून दोघाचौघांशी वादही घातला होता. ज्या बाईसाठी आपण एवढं केलं तिनं असं तोडून बोलावं, हे त्याला लागलं.

"शामू," मंगलनं वर बघून विचारलं, "ते खालचं पुसून कंडक्टर करता येतंय काय?"

शामू शिडीवरून उतरला. "आक्का, ग्रॅनाइट हाय. कोरलेलं पुसत न्हाय. ग्राइंडर फिरवून खरवडाय येतंय, पण तिथं पांढुरका डाग ऱ्हाणार, आणि त्याच्यावर परत काय कोरता येणार न्हाय. कंडक्टर पायजे तर अख्खी पाटी नवी करावी लागंल."

"बघ," युवराज म्हणाला. "एवढी देखणी पाटी. तासाभरात माणसं येतील. त्यात तुझ्या नावाखाली चट्टा दिसणार. सगळ्यांत तुझंच नाव विद्रूप दिसंल मंगल. ऱ्हाऊ दे की. कोण विचारतंय?"

मंगल व्हरांड्यात येऊन उभी राहिली. तिला रडायला येत होतं आणि राग स्वतःचाही येत होता. कारण युवराज म्हणत होता ते सोपं होतं. गप्प राहायचं. दुपारी फोटो निघाले असते, नागुबाईनं ते फोटो गावभर दाखवले असते. बापाचं नाव भिंतीवर चमकत राहिलं असतं. पण ते वाचताना दरवेळी तिला स्टँडवर तोंड फिरवून मागच्या दाराशी जाणारी मंगल आठवली असती. ती मंगल तिनं मोठ्या कष्टानं मागं टाकली होती. आणि आता मित्रच तिला पुन्हा तिथं नेऊन उभं करत होते, तेही सोनेरी अक्षरांत, दोन दोन भाषांत.

तेवढ्यात रवळू उरलेले डबे घेऊन आला. पिशव्या ठेवून त्यानं मोठ्या कौतुकानं पाटीकडं पाहिलं, मराठी वाचलं, मग खात्री करायला कन्नड वाचलं, आणि बाहेर येऊन तिच्यापुढं उभा राहिला. तोंड एवढंसं झालेलं.

"आक्का, अधिकारी झाला व्हय? सांगितला न्हाय ते." मग हळूच, "मग उद्यापासनं गाडीवर कोण?"

मंगलनं त्याच्याकडं पाहिलं. पदरानं तोंड पुसायची सवय, पण खाकीला पदर कुठला? तिनं बाहीनंच पुसलं.

"मीच रं," ती म्हणाली. "दुसरं कोण येतंय तुझ्या गाडीवर?"

ती आत गेली. "शामू, ग्राइंडर काढ. नाव ऱ्हाऊ दे. खालचं खरवड. कन्नडबी खरवड."

"मंगल!" युवराज ओरडला.

"डाग ऱ्हाऊ दे. डाग माझा हाय."

"कर तुला काय करायचं ते. तीस वर्सं तुझा हट्टच बघत आलोय मी," असं म्हणून युवराज तरातरा बाहेर निघून गेला. शामूनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, आणि जिचा आवाज मोठा होता तिचं ऐकलं. हॉलभर पांढरी धूळ उडाली. डाग खरंच वाईट दिसत होता. मंगलनं तो ओल्या फडक्यानं पुसला, स्वतः शिडीवर चढून पडदा लावला, आणि डबे मांडायला बसली.

माणसं जमली. केस पिकलेले मित्र, त्यांच्या बायका, वरच्या खोल्यांतली मुलंमुली. बुद्धप्रियनं पडदा ओढला, टाळ्या झाल्या. पाटीवरची नावं मोठ्यानं वाचायचा मान त्याचा होता. त्याचा आवाज कोर्टातला, एकेक नाव तो निकालासारखं वाचत होता, आणि प्रत्येक पदाला टाळ्या पडत होत्या. तिसऱ्या ओळीवर आला.

"मंगल भरमू गावडे." तो थांबला. चष्मा वर केला, जवळ जाऊन पाहिलं. "मंगल, हितं काय होतं?"

युवराज दाराशी उभा होता, त्यानं मान खाली घातली. मंगलला दिसलं ते. खरं खोटं करायचं तर हीच वेळ होती, पण तिनं त्याचं नाव घेतलं नाही.

"चुकून दुसऱ्याचं पद लागलं होतं," ती उभी राहून म्हणाली. "माझं पद कंडक्टर. जांबोटी गाडी. दगडात मावलं न्हाय, म्हणून तोंडानं सांगते." आणि तिचा तो गाडीतला आवाज हॉलच्या छपराला लागला.

टाळ्या वाजल्या नाहीत. मग मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सूरज उठला. पोट सावरत तो पाटीपाशी गेला आणि आपल्या नावावर बोट ठेवून उभा राहिला. खाली लिहिलं होतं, प्रख्यात उद्योजक.

"शामू, मशीन हाय न्हवं तुझ्याकडं? हे बी काढ. उद्योजक कसला? चिरमुऱ्याची भट्टी हाय माझी. निपाणीत कुणालाबी विचारा, चिरमुरेवाला सूरज म्हटलं की घर दावत्यात. उद्योजक म्हटलं तर माझी बायकोच म्हणंल, ह्यो हितं ऱ्हात न्हाय."

हॉलमध्ये हशा फुटला. हसू ओसरायच्या आत स्वरूप उठला, पाठ अजून ताठ. त्याच्या नावाखाली 'वरिष्ठ लष्करी अधिकारी' होतं. "मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो," तो म्हणाला. "शिपायापासनं सुभेदारापर्यंत चढलोय, एकेक पायरी. अधिकारी म्हंजे कुणीबी. माझंबी खरवडा." सुप्रसिद्ध वकिलानं सुप्रसिद्ध काढायला लावलं. बँकवाल्यानं 'महाव्यवस्थापक'मधला महा काढता येतो का विचारलं. शामू बिचारा सांगत होता, अहो, पाटीचं वाटोळं होईल, पण ऐकतो कोण? आणि बुद्धप्रिय कांबळे, ज्याच्या पदात एक अक्षरही खोटं नव्हतं, तो पुढं जेवायच्या पंगतीतही मंगलशेजारी बसून इतका हसत होता की त्याला ठसका लागला.

जेवताना युवराज कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला होता. मंगल नागुबाईचा डबा घेऊन त्याच्यापाशी गेली. हुलग्याची आमटी आणि नाचणीची भाकरी.

"भांडलास म्हणून उपाशी ऱ्हायचं न्हाय. आईनं दिलाय. आणि माझा डबा मला खाता येत न्हाय, नियम हाय."

युवराजनं भाकरी मोडली. "तू माझं नाव का घेतलं न्हाईस?" त्यानं विचारलं.

"डब्याचा मित्र हायस म्हणून," मंगल म्हणाली.

संध्याकाळची परतीची गाडी स्टँडवर लागली. गर्दी होती. मंगल दाराशी उभी राहून माणसं आत घेत होती. रिकामे डबे घेऊन रिक्षा यायची होती, ती आली, पण डबे उतरवणारा रिक्षावाला नव्हता. युवराज होता. इस्त्रीचा शर्ट, हातात महागडं घड्याळ, आणि दोन्ही खांद्यांना रिकाम्या डब्यांच्या पिशव्या. तिनं एके काळी आणल्या होत्या तशाच. गेल्या वीस वर्षांत हा माणूस बसमध्ये चढला नव्हता. पायरीवर त्याचा तोल गेला, डबे खणखणले, आणि गाडीतली माणसं बघायला लागली. कुणीतरी त्याला ओळखलं. "डॉक्टर! तुम्ही हिकडं?"

"नागुबाईंचा डबा परत द्यायचाय," युवराज म्हणाला. "जेवलो तर धुवून द्यायला नको?"

मग तो मंगलपुढं उभा राहिला. गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात, जणू आयुष्यभर एवढंच म्हणायचं राहून गेलं होतं, तो म्हणाला, "कंडक्टर, एक जांबोटी द्या."

मंगलनं मशीनचं बटण दाबलं. तिकीट फाडून त्याच्या हातात ठेवलं. आवाज तिचा नेहमीचाच होता.

"मागं जाऊन बसा. पुढच्या सीटा बायकांच्या हायत."

युवराज डबे सांभाळत मागं गेला. मंगलनं शिट्टी वाजवली आणि रवळूनं गाडी काढली.